फ्लॉरेन्सला परत जातेय, यावेळी सगळ्यांना घेऊन. प्लॅन कसा करू?

रावपुऱ्याची लेक, बडोदा

नमस्कार मंडळी. फाइन आर्ट्सला असताना २०१४ साली मी चार महिने इटलीत फ्लॉरेन्सला राहिले होते, नदीपलीकडे सान्तो स्पिरितोच्या चौकाजवळ एका छोट्या खोलीत, आणि तेव्हापासून ते गाव मनातून गेलेलंच नाही. आता मेच्या सुट्टीत परत जातोय, पण यावेळी नऊ जण आहोत. मी, नवरा, दोन मुलं (११ आणि ६), आई, सासूबाई आणि माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा आणि मुलगी. पाच दिवस हातात आहेत.

तीनदा प्लॅन केला आणि तीनदा खोडला, कारण दरवेळी तो माझ्या जुन्या फ्लॉरेन्सचाच होतो. मी पहाटे पोन्ते वेक्क्योवर जायचे. सोनारांची दुकानं बंद असायची, पुढे जाड लाकडी झडपा आणि त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, आजीच्या माळ्यावरच्या जुन्या ट्रंका ओळीनं मांडून ठेवल्यासारखं दिसायचं ते, आणि अख्ख्या पुलावर मी आणि एखादा झाडूवाला एवढेच. हे मला सगळ्यांना दाखवायचंय, पण सहा वर्षांच्या पोराला पहाटे उठवून कसं नेऊ? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या आणि आई, दोघी चोख शाकाहारी.

आणि खरं सांगू का, आई परवा म्हणाली, "तू दाखवशील ते बघेन गं, पण तिथे आपलं असं काय आहे?" मला काही उत्तरच देता आलं नाही. ते फार लागून राहिलंय.

मांडवीकर

ताई, आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो म्हणून सांगतो. कॅथेड्रलच्या मोठ्या घुमटावर चढायचं ज्येष्ठांच्या बाबतीत विसराच, ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीचा तो घुमट खालून बघण्यातच मजा आहे, चौकात बसवा त्यांना आणि तुम्ही मोठ्या मुलाला घेऊन जा, पण वेळ आधी बुक करावी लागते. उफ्फित्सी आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आमचा एक दिवस त्यातच गेला. १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, बुकिंगचे थोडे पैसे पडतात. एका दिवसात दोन्ही करू नका, मुलं कंटाळतात आणि मग म्हातारी माणसं मुलांपायी कंटाळतात.

खायचं म्हणाल तर रिबोल्लिता मागा, शिळा पाव, पालेभाज्या आणि पांढरे बीन्स एकत्र शिजवलेलं असतं, माझ्या आईला ते फार आवडलं. मांसाचा स्टॉक नाही ना एवढं मात्र दरवेळी विचारून घ्या. तिथला पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत, तेव्हा लोणच्याची बाटली आणि थेपले बॅगेत असू द्या. लाम्प्रेदोत्तो लिहिलेल्या गाडीपासून दोघींना लांब ठेवा, ते गाईचं पोट असतं. मेअखेर सूर्यास्त साडेआठच्या पुढे होतो, त्या वेळी टेकडीवरच्या पियात्साले मिकेलांजेलो चौकात जा, वरपर्यंत बस जाते, गुडघ्यांना त्रास नाही.

कोल्हापूरची माहेरवाशीण

अगं, आईंना सांग, तिथे आपलं आहे, आणि चांगलं मोठं आहे! कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परत येत होते, वाटेत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले, ऐन विशीत. परका मुलुख, दहनाची रीत तिथे कुणाला ठाऊक नाही, तरी परवानगी मिळाली आणि कास्चीने बागेच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा, फुलर नावाच्या शिल्पकाराचा. जवळच १९७८ चा मोठा पूल आहे, त्याचं नावच पोन्ते अल्ल'इन्दियानो, म्हणजे त्या भारतीय माणसाचा पूल.

आणि तू बडोद्याची म्हणून खास सांगते, त्या छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. तोच मँट, ज्याने बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम सुरू केलं, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडासुद्धा त्याचाच.

जाताना एक लक्षात ठेव, ट्रामचा कास्चीने स्टॉप शहराच्या बाजूला आहे आणि छत्री बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, बाग तीन किलोमीटरच्या वर लांब आहे, तेव्हा दोघींसाठी टॅक्सीच कर. मी उन्हात चालत गेले होते. पुतळ्यासमोर उभी राहिले आणि डोळे भरून आले, त्या पोराला घरची माणसं शेवटचं बघूही शकली नाहीत गं.

विश्वामित्रीकाठ

मला एकच सुचवायचंय. सान्ता क्रोचे चर्चच्या भागात भिंतींवर खुणा दाखव आईंना, ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचं पाणी कुठवर आलं होतं त्या. काही माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्याच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, तीन दिवस आम्ही वर अडकलो, खाली उतरलो तर आजोबांची पुस्तकं चिखलाचा लगदा झालेली. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सला ती खूण बघितली आणि तिथेच थांबलो. तिथे तेव्हा देशोदेशीची तरुण पोरं येऊन चिखलातनं पुस्तकं काढत होती, साखळी करून हातोहात. चर्चमध्ये चिमाबुएचा लाकडी क्रूस आहे, त्याचा बराचसा रंग पुरात कायमचा गेला, तो तसाच ठेवलाय. मैत्रिणीलाही दाखव, फाइन आर्ट्सवाली आहे, तिला जास्त कळेल.

रावपुऱ्याची लेक, बडोदा

काय लिहू कळत नाहीये. चार महिने त्या "इन्दियानो" नावाच्या पाट्या मी बसमधून वाचल्यात आणि एकदाही विचारलं नाही की हा कोण. आत्ता आईला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पहिल्या दिवशी तिथेच जाऊ, बाकीचं नंतर." पुराच्या खुणाही घेतल्या, आमच्याही घरात त्या वर्षी गुडघाभर पाणी होतं. पुलावर पहाटे मी आणि मैत्रीण दोघीच जाऊ, बाकीच्यांना झोपू दे. काका, सोमवारचं बरं झालं सांगितलंत, आमचं अकादेमिया नेमकं सोमवारीच ठरलं होतं, आता उफ्फित्सी बुधवारी आणि डेव्हिड शुक्रवारी.

ताई, आई विचारतेय तिथे फुलं मिळतील का? इथून नेता येणार नाहीत.

कोल्हापूरची माहेरवाशीण

मिळतील की. सकाळी सान्त'अम्ब्रोज्योच्या मंडईत जा, रविवारी बंद असते. भाजीवाल्यांच्या बाजूला बघ, मी तिथूनच पांढरी घेतली होती.