ओढ्यात मत्स्यबीज सोडून ओढा जिवंत होतो का? (जरा वाद घालू)

खळाळ:
मासे कमी झाले अशी ओरड झाली की उपाय ठरलेला, मत्स्यबीज (माशांची पिल्लं) आणा, फोटो काढा, सोडून द्या. अहो पण ते जगणार कुठे? पात्र सरळ केलंय, काठची झाडं गेली, तळातले गोटे-वाळू उपसून नेली, पाण्यात पडलेले ओंडकेही राहू दिले नाहीत, वरून मध्येमध्ये बांध. आधी घर पाडायचं आणि मग भाडेकरू शोधत फिरायचं, असला प्रकार आहे हा. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा १ टक्क्याहून कमी भाग गोड्या पाण्याचा आणि माशांच्या जवळजवळ निम्म्या जाती त्यातच राहतात, म्हणजे एकेका ओढ्याला केवढी किंमत आहे बघा. नुसतं पाणी दिसतंय म्हणून मासा राहील असं नसतं. कितीतरी जाती गोट्यांच्या फटीत अंडी घालतात, त्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो, आणि काठ उघडा पडून माती आली की फटी बुजतात, अंडी तिथंच गुदमरतात. माझं मत सरळ आहे, आधी ओढा दुरुस्त करा, मासे सोडायचं नंतर बघू.

सिव्हिलवाला:
पात्र सरळ करायची कुणाला हौस नसते हो. पूर येतो, घरात पाणी शिरतं, लोक शिव्या आम्हाला घालतात. सरळ आणि खोल पात्रातून पाणी पटकन निघून जातं, हे साधं हायड्रॉलिक्स आहे. आणि तुम्ही लोक ओंडके पाण्यातच राहू द्या म्हणता, ते पुलाखाली अडकले की काय होतं बघितलंय का कधी? माझ्या मते खरा गुन्हेगार सांडपाणी आहे, ते बंद करा, मासे आपोआप येतील.

खळाळ:
@सिव्हिलवाला पाणी पटकन निघून जातं ते कुठे जातं? खालच्या वस्तीत, तेही एकदम. म्हणजे पूर तुम्ही खाली ढकललात फक्त. सांडपाणी वाईटच, त्यावर वाद नाही, पण दोन्ही वेगळं काढता येत नाही. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. सावली गेली, पात्र पसरट झालं की पाणी तापणारच, मग जे सांडपाणी पूर्वी कसंबसं पचत होतं तेच आता माशांच्या जिवावर उठतं.

बोटुकली:
मी बीज केंद्रात काम करतो त्यामुळे मला हा धागा टोचला, खरं सांगतो. फोटोवाले सोडा, ते सगळीकडेच असतात. पण चीनमधल्या यांगत्से नदीचं उदाहरण घ्या. तिथला चिनी पॅडलफिश हा मासा २०२२ मध्ये नामशेष जाहीर झाला, त्याची पैदास माणसाला कधी जमलीच नाही. त्याच नदीतला यांगत्से स्टर्जन हा मासा मात्र आज टाक्यांत का होईना जिवंत आहे, कारण कुणीतरी त्याची पैदास करत राहिलं. ओढा दुरुस्त होईपर्यंत जातच संपली तर दुरुस्त ओढ्यात काय सोडणार?

खळाळ:
@बोटुकली मुद्दा दमदार आहे. पण पुढचं वाक्य तुम्ही गाळलंत, हा स्टर्जन त्याच २०२२ मध्ये 'निसर्गातून नामशेष' ठरला. पिल्लं वर्षानुवर्षं सोडली तरी. टाकीत जात टिकवणं वेगळं आणि ओढ्यात मासे वाढवले म्हणून सांगणं वेगळं, माझा राग या दुसऱ्या प्रकारावर आहे.

शिंपला:
तुम्ही दोघं माशातच अडकलात. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, काहींना तर ठरावीक जातीचाच मासा लागतो. तो मासा बांधाखाली अडकला की वरचे शिंपले म्हातारे होत राहतात, काही जाती कितीतरी दशकं जगतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय, पण पिल्लू एकही नाही. काठची झाडं तोडली की पडणारा पाला बंद, पाला कुरतडणारे किडे कमी, त्यावर जगणारे मासे कमी. हे बाहेरून बीज आणून कसं भरून काढणार?

गळवाला:
पण मासे कमी कुठे झालेत? आमच्या बांधामागे तर भरपूर मिळतात, पूर्वीपेक्षा जास्तच.

शिंपला:
@गळवाला कुठले मिळतात ते सांगा. तिलापिया, कार्प असेच ना? साचलेलं कोमट पाणी त्यांना चालतं. वजन भरतं हो, प्रकार घटतात. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे मासे शेवटचे कधी गावले तेही सांगा.

सिव्हिलवाला:
म्हणजे आता सगळी धरणं पाडा म्हणणार तुम्ही.

खळाळ:
सगळी कोण म्हणतंय? पण पाडली तर काय होतं ते दिसलंय. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढली, ते काम २०२४ मध्ये पुरं झालं आणि काही आठवड्यांतच सॅमन मासे वर चढले, कुणी नेऊन सोडले नव्हते. आणि मोठ्या धरणांवर भांडून आपण भलतीकडेच बघतोय. युरोपातल्या ३६ देशांत नद्या-ओढ्यांवर किमान १२ लाख अडथळे असल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक २ मीटरपेक्षाही बुटके. रस्त्याखालचा पाईप पाण्यापासून हातभर वर लटकत असेल तर लहान माशाला ती भिंतच. तो पाईप तळाला टेकवून, मोठ्या व्यासाचा घाला, पुराचं पाणीही त्यातून जास्त जाईल. यात तुमचं काय बिघडतं?

बोटुकली:
याला माझा पाठिंबा. आणि सोडायचंच असेल तर त्याच ओढ्यातल्या माशांचं बीज सोडा, बाहेरचं नको, हे आमच्या लोकांना सांगून मी थकलोय.

सिव्हिलवाला:
पाईपचं मान्य, खर्च थोडा वाढेल पण डिझाइनमध्ये बसतं. वळणं परत द्यायची असतील तर आधी काठची जागा मोकळी करून द्या, ती माझ्या हातात नाही. ओंडक्यांचं म्हणाल तर पुलाच्या खालच्या अंगाला हवे तेवढे ठेवा, वरच्या अंगाला एकही ठेवू देणार नाही.