डीपीएफचा दिवा विझवला, पुन्हा पेटला. आता १ लाख ३२ हजार सांगतायत

सातपूरचा दूधवाला

नमस्कार मंडळी. बीएस-६ डिझेल व्हॅन, २०२१ची, ८४ हजार किलोमीटर झालेत. पहाटे पावणेचारला नाशिकमध्ये सातपूरहून दुधाचे क्रेट आणि ब्रेड भरतो. अशोकनगर, श्रमिकनगर, मग महात्मानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोड. ४६ दुकानं, सगळं मिळून ३२ किलोमीटर. साडेसातला गाडी मोकळी. दुकानापुढे इंजिन चालूच असतं, दोन क्रेट उतरवायला कोण बंद करतं.

दिवाळीनंतर डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी स्कॅनर लावून 'फोर्स रिजन' केलं, म्हणजे साठलेली काजळी मुद्दाम जाळली. ३,२०० रुपये. १९ दिवस बरी चालली, मग पुन्हा दिवा. पुन्हा नेली. या वेळी रिजन अर्ध्यातच बंद पडलं, पैसे मात्र पूर्ण घेतले. आता म्हणतात फिल्टर संपला, नवीन टाका, १ लाख ३२ हजार. गाडी पिकअप घेत नाही. परवा मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलावर तीन माणसं बसलेली रिक्षा मला मागे टाकून गेली.

ॲव्हरेजही १४ वरून साडेअकरावर आलंय. त्यांनी दिलेल्या कागदावर पी २४६३ लिहिलंय. दुधाच्या धंद्यात १ लाख ३२ हजार कसे सुटतात ते इथल्या धंदेवाल्यांना सांगायला नको. खरंच फिल्टर गेलाय का?

आडगाव नाका

काढून टाक ना भो. आतलं मटेरियल फोडायचं, डबा परत वेल्ड करायचा, इसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, प्रोग्राम मारायचा. १५ हजारात मोकळा. माझ्या ओळखीचे चौघं फिरतायत, काही होत नाही.

पाथर्डी फाटा

वरच्या भाऊंना: त्या चौघांत मी पाचवा धरा. दीड वर्षापूर्वी काढला. पहिले दोन महिने गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. मग मागच्या दाराला काजळी. माझा फुलांचा धंदा आहे, पांढऱ्या शेवंतीच्या जुड्या काळपट दिसायला लागल्यावर मार्केटमध्ये लोक हसायला लागले. पुढे फिटनेसला गाडी अडकली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत असा फेरफार चालत नाही, हे मला तिथे कळलं. जुना डबा भंगारात गेलेला, शेवटी नवीनच घ्यावा लागला. म्हणजे तुमचे १ लाख ३२ हजार अधिक माझे १५.

अंबडचा गॅरेजवाला

दादा, डीपीएफ काढू नका आणि बदलूही नका. निदान अजून नाही.

आधी एक फरक समजून घ्या. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. घरी पाण्याचा बंब पेटवला असेल तर लगेच कळेल. काजळी म्हणजे न जळालेला माल, तो पुन्हा जाळता येतो. राख जाळता येत नाही, ती उकरूनच काढावी लागते. डीपीएफमध्ये राख येते मुख्यत: इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून, अगदी हळू. ८४ हजाराला राखेने फिल्टर भरलाय हे मला पटत नाही, कुणी भलतंच ऑइल ओतत आला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा कोडही तेच बोलतो. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त. राखेचा कोड निराळा असतो, पी २४२एफ.

आता काजळी का साठते? गाडी ती स्वत: जाळते. लांबच्या रस्त्यावर सायलेन्सर तापला की थोडी आपोआप जळत जाते. नाही जळाली तर इसीएम उशिराने जादा डिझेल मारतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये पेटतं, फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास जातो आणि काजळी जळून जाते. पण हे सुरू करायला इसीएमच्या अटी असतात: इंजिन पुरेसं गरम हवं, टाकीत डिझेल हवं, सेन्सर ठीक हवेत, काही गाड्यांत ठरावीक वेगही लागतो. अट मोडली की तो कामाला हात घालत नाही, किंवा अर्ध्यात सोडतो. तुमच्या ३२ किलोमीटरमध्ये ४६ वेळा थांबा आहे, ही अडचण आहेच. पण तुम्ही हाच धंदा २०२१पासून करताय ना? मग साडेतीन-चार वर्षं दिवा का नाही लागला? मधे काहीतरी बदललंय. मला ते शोधायचंय.

म्हणून हे सांगा:
टेंपरेचरचा काटा चालताना कुठे असतो?
ऑइलची पट्टी काढून बघा, खुणेच्या वर आहे का? बोटाला लावून वास घ्या.
त्या कागदाच्या मागे, खाली, दुसऱ्या पानावर आणखी कोड आहेत का?
गेल्या वर्षभरात इंजिनाला कुणी हात लावलाय का? कुणीही. मेहुण्याने लावला असेल तरी सांगा.

सातपूरचा दूधवाला

दादा, तुम्ही मेहुण्याचं नाव कसं काय घेतलं? 😄

काटा: अर्ध्याच्या बराच खाली. पहाटे तर उठतच नाही. मी खूष होतो, म्हटलं गाडी थंड राहते.

ऑइल: वरच्या खुणेच्या बोटभर वर. वास डिझेलचा. आणि मी बायकोला सांगत होतो की आपली गाडी ऑइल पीत नाही.

कागद: दुसरं पान होतं, पिनने मागे लावलेलं. त्यावर पी ०१२८. आणि दुसऱ्या वेळच्या कागदावर रिजनसमोर 'अटी पूर्ण नाहीत' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आहे. याबद्दल मला कुणी काही बोललं नाही.

आता मेहुणा. गेल्या एप्रिल-मेमध्ये दूध वाटून झालं की त्याच्यासाठी लासलगावहून उन्हाळ कांदा आणायचो, इथल्या हॉटेलांना द्यायला. मेमध्ये एकदा चांदवडजवळ गाडी तापली, काटा लालमध्ये. रस्त्यावरच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. म्हणाला, आपल्याकडच्या उन्हात याची गरजच नाही, हा थंड देशांसाठी असतो. ४०० रुपये घेतले. त्यानंतर गाडी कधीच तापली नाही, म्हणून मी तो विषय विसरूनही गेलो होतो.

अंबडचा गॅरेजवाला

सापडलं.

थंड देशांसाठी! हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. जुन्या गाड्यांत वॉल काढून चालायचं, फार तर डिझेल जास्त जायचं. बीएस-६ मध्ये तोच उपाय फिल्टरचा गळा आवळतो. वॉल नसला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापतच नाही. त्यात पहाटेचे चार, डिसेंबर, निफाडचं वारं. थंड इंजिनाला इसीएम डिझेल जास्त पाजतो, म्हणून तुमचं ॲव्हरेज गेलं आणि काजळी वाढली. ती जाळायला जेवढी उष्णता लागते तेवढी इंजिनात येतच नाही. कधी चुकून अट जुळून रिजन सुरू झालंच तर पुढच्या दुकानापाशी मोडतं. मग ते उशिरा मारलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. तुमची पट्टी वर गेली ती त्याने.

पी ०१२८ म्हणजे इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. गाडी ओरडून सांगत होती, पण दुसरं पान कुणी उलटलं नाही. मे ते दिवाळी कसं निभावलं म्हणाल, तर पावसाळ्यापर्यंत हवा गरम होती आणि मधूनमधून मेहुण्याच्या कृपेने हायवे मिळत होता.

आता महत्त्वाचं. ऑइल एवढं वर असताना गाडी पळवू नका आणि कुणालाही रिजन करू देऊ नका. पातळ झालेलं, जास्त झालेलं ऑइल इंजिनाने स्वत:च ओढून घेतलं तर चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. एकदा पाहिलंय. पुन्हा बघायचं नाही.

तो काढलेला वॉल कुठे आहे?

सातपूरचा दूधवाला

डॅशबोर्डच्या कप्प्यात! मिस्त्रीने हातात दिला होता, तेव्हापासून विम्याच्या कागदांखाली पडलाय. त्यावर ८२ लिहिलंय.

अंबडचा गॅरेजवाला

पातेल्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आधी तो उघडायला लागला आणि गार झाल्यावर नीट मिटला, तर वॉल चांगला आहे. ८२ हा तोच आकडा, साधारण तिथे उघडायला सुरुवात होते.

सातपूरचा दूधवाला

चहाचं पातेलं घेतलं म्हणून घरात बोलणी खाल्ली. पण उघडला! आणि गार झाल्यावर मिटलाही. म्हणजे वॉल खराब नव्हताच?? मग गाडी तापली कशाने?

अंबडचा गॅरेजवाला

ते गाडी बघितल्याशिवाय सांगणार नाही. टो करून आणा, अंबडला यायला तुम्हाला दहा मिनिटं.

पंचवटी शाळा व्हॅन

दादा, मधेच विचारते. माझीही डिझेल व्हॅन आहे, मुलांना आडगाव नाक्यापासून मखमलाबाद नाक्यापर्यंत सोडते. पिवळा दिवा कालच लागलाय, बाकी पिकअप वगैरे ठीक. काटा मधोमध असतो. एकाने सांगितलं की डीपीएफ खोलून प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्या.

अंबडचा गॅरेजवाला

ताई, वॉशिंग सेंटरच्या पंपाने नको. आत मातीच्या भांड्यासारखी नाजूक जाळी असते, जवळून जोराची धार मारली की तुटते. शिवाय ओली राख आत चिखलासारखी बसते. राखेसाठी खोलून धुण्याची सोय वेगळी असते, उलट्या बाजूने धुतात आणि भट्टीत वाळवतात. तुम्हाला आज त्याची गरजच नाही.

एकटा पिवळा दिवा, न लुकलुकणारा, म्हणजे बहुतेक गाड्यांत 'मला जरा पळवा' एवढंच. गाडीचं पुस्तक एकदा बघून घ्या. रविवारी मुलं नसताना घोटीपर्यंत जाऊन या. चौथ्या गिअरमध्ये, दोन ते अडीच हजार आरपीएम, वीस-पंचवीस मिनिटं सलग. आयडलिंग वाढलेलं वाटेल, जळका वास येईल, गाडी बंद केल्यावर फॅन फिरत राहील; घाबरू नका, तेच तर हवंय. फक्त त्या वेळी वाळल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, सायलेन्सर प्रचंड तापलेला असतो. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा आला, तर मात्र पळवणं थांबवून स्कॅनरकडे या.

पंचवटी शाळा व्हॅन

दिवा गेला! घोटीपर्यंत जावंही लागलं नाही, वाडीवऱ्हेच्या पुढेच गेला. तरी घोटीला मिसळ खाऊन आले.

सातपूरचा दूधवाला

मंडळी, सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

दादांनी आधी बॉनेट उघडून पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या पुढ्यात, एसीच्या कंडेन्सरच्या मधे, कांद्याची टरफलं. मूठभर नाही हो, अर्धी पिशवी. बाजार समितीत उभी राहायची तेव्हा फॅन ती उडती पत्ती आत ओढायचा, आणि वर धूळ बसून त्याची गोधडी झालेली. हवा जायला जागाच नव्हती, म्हणून मेमध्ये गाडी तापली. वॉलचा काही दोष नव्हता. थंडी पडल्यावर एवढ्या हवेत भागत होतं.

मग क्रमाने: आतल्या बाजूने बाहेर असं हलकं पाणी मारून रेडिएटर मोकळा केला. जुनाच वॉल, नवीन रबर रिंग ६० रुपये. नवीन कूलंट. ऑइल काढलं तर पाण्यासारखं पातळ. नवीन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच, नवीन ऑइल फिल्टर. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या दोन्ही नळ्या काढून फुंकून बघितल्या, एक टोकाला चिरली होती, तेवढी कापून परत बसवली. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून सेन्सर शून्य दाखवतो का ते बघितलं. दादा म्हणाले, इंजिन बंद असताना शून्य नसेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. शून्य होता. टर्बोच्या पाइपांवर गळती शोधायला साबणाचं पाणी मारलं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून बघितला. ईजीआर काळा होता, साफ केला.

एवढं झाल्यावर मग रिजन. काटा आधी मधोमध येऊ दिला. कित्येक महिन्यांनी तो तिथे बघितला! ३४ मिनिटं लागली, पूर्ण झालं, मधे थांबलं नाही. सूट लोड, म्हणजे काजळीचा भार, ११२ वरून ९ टक्के. दादा म्हणतात या टक्क्यांची मोजपट्टी कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे माझा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. आठवड्याने ऑइलची पट्टी परत दाखवायला सांगितली होती, दाखवली, हललेली नाही.

एकूण बिल ९,८५०. त्यात सगळ्यात जास्त ऑइल आणि कूलंट.

आडगाव नाका

बरं झालं भो माझं नाही ऐकलंस.

सातपूरचा दूधवाला

दोन महिन्यांनी लिहितोय. दिवा नाही. ॲव्हरेज १३.६. दुकानापुढे आता इंजिन बंद करतो, सवय लागायला आठवडा गेला. सोमवारी वाटप झालं की रिकामी गाडी वाडीवऱ्हेपर्यंत नेऊन आणतो, डिझेल जातं पण हिशोबात बसतं. सर्व्हिस सेंटरला तो कागद नेऊन दाखवला. काउंटरवरच्या पोराने दुसरं पान वाचलं, मग पहिलं वाचलं, आणि म्हणाला साहेब जेवायला गेलेत.

एक प्रश्न राहिला. एप्रिल येतोय, मेहुण्याचा फोन आलाय. ग्रिलच्या आत डासांची जाळी बसवली तर चालेल का?

अंबडचा गॅरेजवाला

डासांची नको, ती फार बारीक, स्वत:च चोक होईल. मोठ्या भोकाची लावा, आणि लासलगावहून आलात की त्याच दिवशी काढून झटका. मेहुण्यालाच झटकायला सांगा.