‘एमा’मधला फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स: ओळखायचा कसा, मोजायचा कसा?

पानोपानी

एम. ए.च्या प्रबंधासाठी जेन ऑस्टिनची ‘एमा’ घेतली आहे. निवेदिकेचं वाक्य कुठे संपतं आणि एमाचं मन कुठे बोलायला लागतं, एवढाच विषय. म्हणजे फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स: ‘तिला वाटलं’, ‘ती म्हणाली’ असं काही न जोडता निवेदनातच मिसळलेला पात्राचा आवाज. पुढे नुसतं एफआयडी म्हणते.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवली, अवतरणचिन्हांतला सगळा मजकूर उडवला आणि उरलेल्यात ‘वुड’, ‘मस्ट’ आणि उद्गारचिन्हं अँटकाँक या मजकुरात शब्द शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधली. यादी भलीमोठी आली. पण तिच्यातली पुष्कळ वाक्यं साधी निवेदनाची निघतात, आणि जी वाचताना डोळ्यांत भरतात त्यांतली कितीतरी यादीत नाहीतच. वर्गातल्या मैत्रिणीला तेच प्रकरण खुणा करायला दिलं, तर तिच्या खुणा वेगळ्याच.

ठरलेली काही पद्धत आहे का? अख्खी कादंबरी करायची की निवडक भाग? परीक्षकांनी ‘हे कशावरून?’ असं विचारलं तर काय दाखवायचं?

तिरपा_टाइप

आधी यंत्र आणि मग वाचन, असा क्रम लावलात तिथेच गाडं अडलं. एफआयडीची स्वतःची अशी एकही खूण नाही. ‘वुड’ सवय सांगायलाही येतं, उद्गारचिन्ह निवेदिकाही वापरते. तीन-चार गोष्टी एकाच वाक्यात जमल्या की मग आवाज पात्राचा वाटतो.

पात्राचे शब्द किती थेट येतात हे मोजायची पट्टी घ्यायची ती लीच आणि शॉर्ट या शैलीअभ्यासकांच्या १९८१ सालच्या ‘स्टाइल इन फिक्शन’मधली. बोलणं आणि विचार यांच्या तिथे दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, आणि हा फरक बहुतेक प्रबंधांत गुंडाळून टाकलेला असतो. बोलण्याचं मूळ रूप प्रत्यक्ष कथन, कारण शब्द ऐकू येतात. विचाराचं मूळ रूप अप्रत्यक्ष, कारण दुसऱ्याचा विचार कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे एफआयडी बोलण्यात आला की वाचक पात्रापासून लांब, निवेदिकेकडे सरकतो आणि उपहासाला जागा होते. विचारात आला की उलट, पात्राच्या आत शिरतो. दोन्ही एकाच रकान्यात मोजलेत तर विरुद्ध परिणामांची बेरीज कराल.

आता प्रकरण १६ची सुरुवात बघा. ‘द हेअर वॉज कर्ल्ड, अँड द मेड सेंट अवे, अँड एमा सॅट डाउन टु थिंक अँड बी मिझरेबल.’ लगेच पुढे, ‘इट वॉज अ रेचेड बिझनेस इनडीड!’ दोन्ही भूतकाळी, दोन्ही तृतीयपुरुषी निवेदनातली. चाचणी अशी: वाक्य प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात फिरवा, आणि ते त्या क्षणी पात्राच्या तोंडी बसतं का पाहा. ‘इट इज अ रेचेड बिझनेस इनडीड!’ झकास बसतं. ‘आय सिट डाउन टु थिंक अँड बी मिझरेबल’ असं मनाशी कुणी म्हणत नाही, ते निवेदन. सांधा बरोबर त्या पूर्णविरामावर आहे.

दुसरी चाचणी ‘आत्ता-इथे’च्या शब्दांची. प्रकरण २मध्ये ‘नाऊ वॉज द टाइम फॉर मिस्टर फ्रँक चर्चिल टु कम अमंग देम’ आहे. ‘नाऊ’ आणि ‘वॉज’ शेजारी बसणं ही जवळपास खात्रीची खूण. काळ निवेदिकेचा, घड्याळ पात्रांचं. मात्र इथे पात्र एमा नाही, अख्खं हायबरी गाव आहे! म्हणून ‘आवाज कुणाचा’ हा रकाना वेगळा ठेवा आणि त्यात ‘गाव’ हाही पर्याय असू द्या.

तिसरी शब्दकळेची. प्रकरण ३मध्ये हॅरिएटबद्दल, म्हणजे एमा जिला सुधारायला घेते त्या मुलीबद्दल, ‘शी वुड नोटिस हर, शी वुड इम्प्रूव्ह हर’ अशी माळ आहे आणि शेवटी हे काम ‘सर्टन्ली अ व्हेरी काइंड अंडरटेकिंग’ असल्याचा निर्वाळा. तो स्वतःवर खूश असलेल्या एमाचा. निवेदिका त्यावर अवाक्षर काढत नाही आणि तरी हसू येतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांचा घोटाळा बहुधा काळावर होतो. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे सरळ चालतं. काळ मागे जात नाही, ‘मी’सुद्धा ‘मी’च राहतो. इंग्रजीत ‘आय विल’चं ‘ही वुड’ होतं. त्या मागे सरकलेल्या काळामुळेच विचार निवेदनात मिसळून जातो आणि आपल्या कानाला तो सांधा सहज ऐकू येत नाही. शंका असेल ते वाक्य मराठीत करून बघा. ‘काय बाई हा घोळ!’ असं काही आपोआप तोंडात आलं, तर आवाज एमाचा. पुरावा म्हणून प्रबंधात मांडू नका, पण कान तयार होतो.

अवतरण

वरच्याशी सहमत, पण धागाकर्तीची मोठी चूक वेगळीच आहे: अवतरणांतला मजकूर उडवणं. ऑस्टिनच्या काळी अवतरणचिन्ह म्हणजे ‘हेच शब्द, जसेच्या तसे’ असा पक्का नियम नव्हता.

प्रकरण ४ उघडा. हॅरिएट मार्टिन कुटुंबाच्या शेतावरचं वर्णन करते आहे. मिसेस मार्टिनकडे दोन बैठकीच्या खोल्या, ‘टू व्हेरी गुड पार्लर्स, इनडीड’, आठ गाई, त्यांतल्या दोन ऑल्डर्नी, एक छोटी वेल्श गाय, ‘अ व्हेरी प्रिटी लिटल वेल्च काऊ इनडीड’. हे सगळं अवतरणांत आहे, पण व्याकरण अप्रत्यक्ष: ‘ऑफ देअर हॅव्हिंग एट काऊज’. सरळ ‘दे हॅव एट काऊज’ नाही, एमाच्या कानावर पडून गाळलेलं बोलणं. दोनदा आलेलं ‘इनडीड’ आणि गाईचं कौतुक तेवढं शंभर टक्के हॅरिएटचं. तुमच्या फाइलमधून ही गाय गेली!

प्रकरण ४२मधली स्ट्रॉबेरी तोडायची मिसेस एल्टनची बडबडही अवतरणांतच आहे. ‘द बेस्ट फ्रूट इन इंग्लंड’पासून सुरू होते आणि नुसत्या तुकड्यांनी, डॅशांवर पुढे सरकते. उत्साहापासून उन्हाच्या वैतागापर्यंतचा बराच वेळ एका परिच्छेदात दाबलेला. वरवर प्रत्यक्ष कथन, प्रत्यक्षात संक्षेप.

याच्या नेमकं उलट प्रकरण १५मध्ये. मिस्टर एल्टन बग्गीत एमाला मागणी घालतो आणि त्यातला मोठा भाग अवतरणाविना येतो: ‘होपिंग, फिअरिंग, अडोअरिंग, रेडी टु डाय इफ शी रिफ्यूज्ड हिम’. हे बोलण्यातलं उदाहरण, विचारातलं नव्हे. माणूस आपल्याच शब्दांनी हास्यास्पद होतो. तिथलं ‘मेकिंग व्हायलंट लव्ह टु हर’ आजच्या अर्थाने वाचू नका. त्या काळी त्याचा अर्थ जोरदार प्रेमयाचना, एवढाच. दरवर्षी कुणीतरी यावर घसरतं.

प्रत कोणती तेही लिहा. कादंबरी डिसेंबर १८१५मध्ये बाहेर आली, शीर्षकपृष्ठावर १८१६ आहे. मूळ तीन खंड. प्रकरणं १८, १८ आणि १९, मिळून ५५. काही आवृत्त्या खंडवार आकडे देतात, काही सलग. खंड ३चं प्रकरण ६ म्हणजेच सलग ४२. विरामचिन्हांवर युक्तिवाद बेतणार असाल तर चॅपमनची १९२३ची ऑक्सफर्ड आवृत्ती किंवा २००५ची केंब्रिज समोर हवीच. छापखान्यात विरामचिन्हं बदलली जात, त्यामुळे एकट्या डॅशवर सिद्धान्त उभा करू नये.

आकडेमोड

मोजणीपुरतं लिहितो.

अख्खी कादंबरी करू नका. ती साधारण १,६०,००० शब्दांची आहे, हाताने खुणा करता करता वर्ष जाईल. सेमिनो आणि शॉर्ट यांनी २००४च्या ‘कॉर्पस स्टायलिस्टिक्स’मध्ये सुमारे २,००० शब्दांचा एक, असे १२० नमुने घेतले होते. तुम्ही तेच माप धरून ८ नमुने घ्या: १६,००० शब्द, म्हणजे दहावा हिस्सा. आवडते उतारे वेचू नका, नाहीतर ‘एफआयडी भरपूर आहे’ हा निष्कर्ष निवडीतच ठरून जाईल. प्रत्येक सातवं प्रकरण असा काहीतरी यांत्रिक नियम लावा. १६ आणि ४७सारखी प्रकरणं सखोल वाचनासाठी वेगळी ठेवा, पण त्यांचे आकडे नमुन्यात मिसळू नका.

एकक ठरवा. वाक्य हे एकक इथे फसतं, कारण आवाज वाक्याच्या मध्येच बदलतो. उपवाक्य धरा. तक्त्यात रकाने पाच पुरेत: प्रकरण, उपवाक्य, वर्ग, आवाज कुणाचा, कशावरून. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद रद्द. परीक्षकांना दाखवायचा तो हाच रकाना.

मैत्रिणीच्या खुणा जुळत नाहीत ही अडचण नाही, ती तुमच्या प्रबंधाची सामग्री आहे. फक्त नुसती टक्केवारी देऊ नका. बहुतेक उपवाक्यं साधं निवेदन असल्याने डोळे मिटून ‘निवेदन’ लिहिणाऱ्या दोघांचंही छान जुळतं. कोहेनचा कापा (ग्रीक अक्षर ‘कॅपा’; योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी किती, ते सांगणारा आकडा) काढा. समजा प्रत्यक्ष जुळणी ०.८५ आणि निव्वळ योगायोगाने अपेक्षित जुळणी ०.६०. मग ०.२५ भागिले ०.४०, म्हणजे ०.६२५. ८५ टक्के ऐकायला भारी वाटतं, खरी गोष्ट इतकी भारी नसते. आधी एका नमुन्यावर दोघींनी स्वतंत्र खुणा करा, भांडा, नियम लिहून काढा, मग उरलेले सात. पहिल्या नमुन्याचा कापा अंतिम आकड्यात धरायचा नाही.

फाइलबद्दल दोन गोष्टी. या कादंबरीत पूर्णविरामाला चिकटून डॅश आणि लगेच पुढचं वाक्य असं सारखं येतं. ‘पूर्णविराम, मग मोकळी जागा’ या नियमाने वाक्यं तोडलीत तर दोन-तीन वाक्यं एकत्र चिकटतात, आणि एमा नेमकी अशाच जागी विचार करते. आधी त्या डॅशच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा घाला. दुसरं, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तिरपे शब्द अंडरस्कोअरमध्ये असतात. ते साफ करण्याआधी यादी करून ठेवा. ‘इट शुड बी कॉल्ड हर काऊ’मधला ‘हर’ तिरपा आहे. आवाजातला तो जोर साफसफाईत गेला की परत येत नाही.

पानोपानी

गाय परत आणते! दोन शंका. पहिल्याच वाक्यातलं ‘हँडसम, क्लेव्हर, अँड रिच’ हे एमाचं स्वतःबद्दलचं मत धरावं का? आणि प्रकरण ४७मधलं बाणाचं वाक्य कुठल्या वर्गात?

तिरपा_टाइप

पहिलं नाही. फिरवून बघा: ‘आय सीम टु युनाइट’ असं एमा म्हणणार नाही. ‘सीम्ड’ हा निवेदिकेने घातलेला खडा आहे. पुढे त्याच प्रकरणात ‘द रिअल ईव्हल्स’ म्हणून एमाचे दोष ती स्वतःच सांगते, ते तर एमाच्या गावीही नाहीत. एमाचं कौतुक आणि एमाचा आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाच्या तोंडावरच लोक इथे फसतात.

बाणाचं वाक्य अवघड आहे खरं. ‘इट डार्टेड थ्रू हर, विथ द स्पीड ऑफ अ‍ॅन अ‍ॅरो, दॅट मिस्टर नाइटली मस्ट मॅरी नो वन बट हरसेल्फ!’ ‘दॅट’ आहे म्हणजे व्याकरणाने अप्रत्यक्ष विचार. पण ‘मस्ट’ काळाबरोबर बदलत नाही, आणि उद्गारचिन्ह निवेदिकेचं वाटत नाही. मी अप्रत्यक्ष विचारात टाकेन आणि शेरा लिहीन.

आकडेमोड

शेरा नको, जोडखूण द्या. सेमिनो-शॉर्ट यांनीही दोन वर्गांत अडकलेल्या जागांना जोडखुणाच दिल्या आहेत. जोडखुणांचा आकडा वेगळा छापा. मात्र कापा काढताना जोडखूण हा स्वतंत्र वर्ग धरायचा की अर्धी जुळणी, हे दुसरा नमुना उघडायच्या आत ठरवा.