बायबलमधल्या मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला क्षमेचा दाखला वाचला की मी अडकते, तुमचं काय होतं?

ओलीवपान:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. बरेच दिवस विचारू की नको चाललंय, आज विचारतेच. आईच्या शेवटच्या आजारपणात आठ महिने मी एकटीच होते, मोठा भाऊ एकदाही फिरकला नाही आणि वर अंत्यविधीला आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला की हिने नीट लक्ष दिलं नाही. दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याचा व्हॉईस मेसेज आला, झालं गेलं सोड, बोल माझ्याशी. चार वेळा ऐकला, उत्तर दिलं नाही. आता उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "जशी आम्ही आपल्या ऋण्यांस" या क्षमा करण्याच्या ओळीला माझा आवाजच बंद होतो, बाकीचे म्हणत राहतात आणि मी पुढच्या ओळीला परत सामील होते. मत्तय १८:२१ पासून वाचलं, धनी चाकराचं प्रचंड कर्ज सोडतो, तोच चाकर सोबत्याचं त्यामानाने लहान कर्ज सोडत नाही आणि धनी त्याला शिक्षा करतो. मनापासून क्षमा केली नाही तर देवही तुमचं तसंच करील, या ३५ व्या वचनाला तर भीतीच वाटली. मी त्या निर्दय चाकरासारखी आहे का?

जुनी_वही:
ताई, आधी त्या दाखल्यातला हिशोब नीट बघा, मला तिथेच धीर मिळाला. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे १०,००० तालांतांचं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढं, दीड लाखाहून जास्त वर्षं राबलं तरी फिटणार नाही. आणि तो चाकर काय म्हणतो, मला वागवून घ्या, सगळं फेडीन! त्याने फक्त मुदत मागितली होती, धन्याने कर्जच सोडून दिलं. मला वाटतं त्याला ते शेवटपर्यंत पटलंच नाही, अजून फेडायचंय असंच धरून तो बाहेर पडला, म्हणून तर लगेच दुसऱ्याचा गळा धरला.

दुसरं म्हणजे सोबत्याचं कर्ज १०० दिनार होतं, तीन महिन्यांहून जास्त मजुरी, ही काही किरकोळ रक्कम नाही. तुमचं दुखणं क्षुल्लक आहे असं येशू कुठेच म्हणत नाही हो. ते आठ महिने खरे आहेत.

मंडळीतला_एक:
वरचं पटलं, पण एक राहिलं. लोक २१ व्या वचनापासून सुरू करतात, त्याच्या आधीचं १५ वं वाचा. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकांतात त्याचा दोष त्याला दाखव. भावाला किती वेळा क्षमा करू, हा शिष्य पेत्राचा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणजे क्षमा करायची म्हणून गप्प बसायचं असं नाही, "तू जे सगळ्यांसमोर बोललास ते खोटं होतं आणि मला फार लागलं" हे त्याला सांगायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. आपल्याकडे दुखावलेल्यालाच आधी क्षमा कर म्हणून दामटतात, मला ते अजिबात पटत नाही. पण हो, सोडायचं तर आहेच, ३५ वं वचन मऊ करून सांगता येत नाही, "मनापासून" असंच लिहिलंय तिथे.

पहाटवारा:
मला कोरी टेन बूम या डच ख्रिस्ती बाईची गोष्ट आठवते. नाझींच्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत ती बंदी होती, तिथेच तिची बहीण बेट्सी १९४४ च्या डिसेंबरमध्ये वारली. १९४७ मध्ये म्युनिकला क्षमेवरच बोलून झाल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला, क्षमा मागायला. तिचा हात उठेना. मनात प्रेम वगैरे काही नव्हतं, तिने फक्त प्रार्थना केली की हात तेवढा मी उचलते, बाकीचं तू दे. मला यात फार दिलासा वाटतो कारण आपण आधी आतून बरं वाटायची वाट बघतो. आणि येशूने पेत्राला दिलेलं उत्तर, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर, म्हणजे मला वाटतं एकाच गोष्टीसाठीसुद्धा असेल, कारण तीच आठवण रात्री परत येते आणि परत सोडावी लागते. मी एकाच माणसाला तीन वर्षं सोडतेय अजून.

ओलीवपान:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत मागितली आणि माफी मिळाली हे मला आजवर दिसलंच नव्हतं, दोनदा परत वाचलं. फोन करायची हिंमत अजून नाही. पण १५ वं वचन समोर ठेवून त्याला मेसेज लिहायला बसलेय, आईच्या आठ महिन्यांबद्दल सगळं लिहिलं, आणि पहिल्यांदाच सुरुवातीला "दादा" असं लिहिलं गेलं. अजून पाठवला नाहीये, प्रार्थनेत ठेवा.