मदत हवी आहे: गावच्या घरात लिनोलियम टाकावं का? खालच्या खोल्या आणि वरची खोली

कपाशीपट्टा
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या गावी घराचं काम काढलं आहे. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, जुना कोबा, त्याला जागोजागी भेगा. वर स्लॅबवर एक नवीन खोली, १० बाय १२ फूट, तिथे दोन इंचाचा कोबा नुकताच झाला आहे. जमीन काळी. घरात म्हातारी माणसं आहेत. टाइल्सवर पाय घसरतो आणि थंडीत पाय गारठतात, म्हणून टाइल नको. प्लास्टिकही शक्यतो नको. लिनोलियम जवसाच्या तेलाचं असतं, टिकाऊ असतं असं वाचलं. तालुक्याच्या दुकानात त्याच नावाने रोल दाखवतात, पण इतके स्वस्त की शंका येते. चारही ठिकाणी टाकता येईल का? काय पाहून घ्यावं?

ओळंबा
शंका बरोबर आहे. तालुक्याच्या दुकानात त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक छापील पीव्हीसी असतं, जाडी अर्धा ते दीड मिमी. खरं लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि राळ शिजवून केलेला चिकट गोळा, त्यात लाकडाचा भुसा, बुचाची पूड, चुनखडीची पूड आणि रंग, आणि हे सगळं तागाच्या कापडावर दाबून बसवलेलं. जाडी २, २.५ किंवा ३.२ मिमी, रोलची रुंदी साधारण २ मीटर.

ओळखायचं कसं, तर तुकडा कापून कड पाहा. रंग वरपासून खालपर्यंत एकच आणि पाठीला तागाची वीण दिसली तर खरं. वर चकचकीत पातळ पापुद्रा, त्याखाली छपाई, पाठीला पांढरा फोम किंवा नमदा दिसला तर पीव्हीसी. नाक जवळ नेलं तर खऱ्याला जवसाच्या तेलाचा वास येतो. आणखी खात्री हवी असेल तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसवर लाल करा, ज्योतीत वेगळा रंग दिसेनासा होऊ द्या, मग तार तुकड्याला टेकवून परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर करा, तो धूर छातीत घेऊ नका.

खरा माल युरोपातून येतो. फोर्बोचं मार्मोलियम नेदरलँड्समधून, टार्केटचं इटलीतून. मोठ्या शहरातला वितरक मागवून देतो, दुकानाच्या मांडणीवर सहसा नसतो. नीट बसवलं तर २५-३० वर्षं काही बोलत नाही.

आता तुमच्या खोल्या. वरच्या खोलीत जमेल. खालच्या दोन खोल्यांत आजच्या स्थितीत टाकू नका. स्वयंपाकघराचा विचारच सोडा.

पूर्णाकाठ
ओळंबा दादांशी सहमत. भाऊ, काळ्या मातीवरचा कोबा अन् त्यावर तागाचं कापड? उधईला, म्हणजे वाळवीला, पंगत वाढून ठेवल्यासारखं होते ते.

कपाशीपट्टा
आभार ओळंबा दादा. खाली का नको ते जरा नीट सांगाल का? कोबा वरून तर कोरडा ठणठणीत आहे. आत्ता मे महिना आहे.

ओळंबा
मे महिन्यात आपल्याकडे कुठलाही कोबा कोरडाच लागतो, म्हणून त्यावर जाऊ नका. चाचणी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात करा. जाड पॉलिथिनचा १८ बाय १८ इंचांचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करा, किमान १६ तास तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून थेंब किंवा खालचा कोबा गडद दिसला तर खालून ओल येते आहे. एका खोलीत किमान तीन जागा घ्या: मध्यभागी, बाहेरच्या भिंतीलगत, आणि न्हाणीच्या बाजूला. ही चाचणी ओल आहे हे सांगते, किती आहे ते सांगत नाही. तुकडा कोरडा निघाला तरी मोजणी हवीच. लिनोलियमसाठी काँक्रीटच्या आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत लागते. ती कोब्यात भोक पाडून मीटरने मोजतात, बसवणाऱ्याकडे मीटर असतं. नसेल तर तो माणूस बदला.

ओल एकटी येत नाही, सिमेंटमधला क्षार घेऊन येते. लिनोलियमचा सगळा जोर वाळलेल्या जवस तेलावर, आणि तेलाला क्षार भेटला की साबण होतो. पाठ मऊ पडते, गोंद सुटतो, कडा वर येतात, ताग कुजतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं माल खराब निघाला. माल ठीक असतो, खालची जमीन ओली असते.

दुसरी गोष्ट भेगा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकेक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मे अखेर आणि सप्टेंबरात मोजून लिहून ठेवा. मेमध्ये अंतर वाढतं आणि पावसाळ्यात मिटतं, असं असेल तर खालची काळी माती श्वास घेते आहे, म्हणजे फुगते-आकसते आहे. अशा कोब्यावर इपॉक्सी लेपाचे दोन हात मारून ओल थोपवता येते, पण हालचाल थोपत नाही. इपॉक्सी त्याच रेषेत पुन्हा फुटते आणि वरचा सपाटीसाठी दिलेला लेव्हलिंगचा थरही.

पूर्णाकाठ
खालचं कराचंच असन तर मुळापासून करा. जुना कोबा उखडा, काळी माती दोन-तीन फूट काढून फेका, मुरूम भरा. मुरूम एकदम ओतायचा नाही, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकाचा. मिस्त्री म्हणते 'पाणी सोडून देऊ, आपोआप बसते'. नाही बसत. दोन वर्षांनी मधात खड्डा पडते.

मुरमावर उधईचं औषध. इथं बहुतेक जण क्लोरपायरीफॉस २० ईसी वापरतात: १ लिटर औषध, १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. उधई-बंदोबस्ताचं भारतीय मानक आयएस ६३१३, त्याप्रमाणे आडव्या जागेवर दर चौरस मीटरला ५ लिटर. खालची खोली वरच्यासारखीच १० बाय १२ ची धरली तर ११ चौरस मीटरच्या वर जाते, म्हणजे ५५-५६ लिटर द्रावण एका खोलीला. पंपानं फवारून मोकळं होणारा माणूस त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम उरकते, अन् मग औषध चालत नाही म्हणून बोंब. हातमोजे, तोंडाला फडकं. विहीर जवळ असन तर हे औषध नकोच, मासे अन् पाणी दोन्ही जाते.

त्यावर गिट्टीचं ४ इंच काँक्रीट, मग २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर अर्धा फूट एकावर एक, भिंतीला चार बोटं वर चढवलेलं. त्यावर २ इंचाचा कोबा. एवढं करून हात थांबला तर वर शहाबादी टाका अन् निवांत राहा.

कपाशीपट्टा
उखडायचा खर्च आत्ता झेपणार नाही. जुना कोबा ठेवून उधईसाठी काही करता येतं का?

पूर्णाकाठ
येते. भिंत अन् कोबा जिथं भेटते त्या रेषेत, फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडा, कोब्याच्या आरपार मातीपर्यंत. प्रत्येक भोकात १ लिटर द्रावण, मग सिमेंटनं बुजवा. चौकटी खालून उकरून पाहा, पोकळ वाजली तर आधी ती बदला.

जवसफूल
थोडं वेगळं सुचवते. पर्यावरणासाठी म्हणून करत असाल तर हिशोब पाहा. जवस आपल्याकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाच्या ओलीवर उतेऱ्यात, म्हणजे उभ्या धानातच, पेरतात, आणि त्याच पिकाच्या तेलाची फरशी आपण युरोपातून बोटीने आणायची. वरच्या एका खोलीला ठीक आहे. पण खाली शहाबादी कलबुर्गीहून ट्रकने येते, शंभर वर्षं जाते, उखडून दुसरीकडे लावता येते. ती गार लागते हे खरं, तेवढ्यापुरती पलंगाजवळ सतरंजी घाला. घसरण्याचं भय असेल तर पॉलिश न केलेली, खरबरीत घ्या.

मातीची जमीन असलेली एखादी खोली असेल तर जवस तेलाचा थेट उपयोग होतो. पांढरी माती एक भाग, चाळलेली रेती तीन भाग, बोटभर कापलेलं तणस. काळी माती चालत नाही, फुटते. दीड-दोन इंचाचा थर ठोकून पूर्ण वाळवायचा, मग हार्डवेअरमधलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल कोमट करून ब्रशने पाजायचं. पहिला हात निव्वळ तेलाचा, पुढच्या प्रत्येक हाताला टर्पेंटाइन वाढवत न्यायचं. चार-पाच हात होतात. जमीन पिणं थांबली की वर उरलेलं तेल लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट साय धरते आणि ती महिनोन्‌महिने वाळत नाही. तेलघाण्याचं कच्चं तेल वापरू नका, वाळायला फार वेळ घेतं. उलट डबल बॉइल्डमध्ये धातूचे क्षार घातलेले असतात, ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नका. तेल पाजल्यावर त्या जमिनीवर शेणाचं सारवण धरत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आणि तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गठ्ठ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आपल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा एकेक पसरून बाहेर वाळत घाला.

कपाशीपट्टा
जवसफूल ताई, पूर्णाकाठ भाऊ, आभार. ठरलं असं की खाली सध्या भेगा मोजायच्या आणि पुढे शहाबादी. वरच्या खोलीला लिनोलियम. ओळंबा दादा, माल किती लागेल आणि बसवताना कशावर लक्ष ठेवू? मिस्त्री म्हणतो सनमायक्याचा पिवळा सोल्यूशन लावून चिकटवून देतो.

ओळंबा
पिवळा सोल्यूशन नाही. तो दोन्हीकडे लावून सुकू दिल्यावर एकदा टेकला की सरकत नाही, हवा कोंडून फुगे राहतात. लिनोलियम ओल्या गोंदात बसवायचं असतं, आणि गोंद लिनोलियमसाठीचाच, पाण्यातला ॲक्रिलिक. दर चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम, तुमच्या खोलीला ५ किलोचा डबा.

माल मागवताना दिशा बघा. खोली ३.०५ बाय ३.६६ मीटर. पट्टे १२ फुटांच्या बाजूने घातले तर ३.७६ मीटरचे दोन लागतात, म्हणजे १५ चौरस मीटर, आणि दुसऱ्या पट्ट्याचा अर्धा भाग कातरणात जातो. तेच १० फुटांच्या बाजूने घातले तर ३.१५ मीटरचे दोन, १२.६ चौरस मीटर. दोन पट्टे ४ मीटर रुंदी झाकतात, तुम्हाला ३.६६ हवी. अडीच चौरस मीटर वाचले. दोन्ही पट्टे एकाच रोलचे, एकामागोमाग कापलेले घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. २.५ मिमी पुरे.

नवा कोबा लगेच झाकू नका. पाणी मारणं थांबवल्यावर बरी हवा असेल तर दिवसाला साधारण १ मिमी या हिशोबाने वाळतो, म्हणजे दोन इंचाला सुमारे ५० दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. मेच्या कोरड्या झळीत बसवलेला पट्टा जुलैत रुंदीला वाढतो आणि जोडावर उचलतो. गच्ची गळत असेल तर आधी ती.

कोब्यावर २ मीटरची पट्टी फिरवा, खाली ३ मिमीहून जास्त फट नको. लेव्हलिंग कंपाउंडचा ३ मिमी थर द्यायचा तर मिमीला दर चौरस मीटर पावणेदोन किलो धरा, २५ किलोच्या तीन गोण्या लागतील. खडा राहिला तर वर टेंगूळ दिसतं. कंपाउंड वाळल्यावर घासून धूळ काढा.

रोल उभा ठेवून त्या खोलीत एक दिवस आधी आणा. आडवा ठेवला तर वळकटीला चपटी घडी पडते आणि थंडीत उलगडताना तडकतो. ओल्या गोंदात लिनोलियम लांबीला थोडं आखडतं, रुंदीला वाढतं, म्हणून टोकं भिंतीला थोडी चढवून ठेवा आणि बसल्यावर कापा. दाताच्या खुरपीने एका वेळी एका पट्ट्यापुरताच गोंद, साय धरायच्या आत वर पट्टा, मग ५०-६० किलोचा रूळ आधी आडवा, मग उभा.

जोड दुसऱ्या दिवशी, गोंद धरल्यावर. खाच पाडून त्यात ४ मिमीची वेल्डिंग दोरी गरम हवेच्या बंदुकीने वितळवतात. दोरी गरम असताना अर्धीच कापायची, पूर्ण थंड झाल्यावर जमिनीला सपाट. घाईत गरमच सपाट केली तर थंड होताना आत बसते आणि त्या चरात कायमची घाण साचते. पाहायला उभे राहाल तर इथे राहा, बाकीचं दिसूनच येतं.

उलगडल्यावर पिवळट छटा दिसेल. अंधारात साठवलेल्या लिनोलियमला ती येते, उजेडात काही दिवसांत जाते. त्यावरून माल परत करू नका.

जवसफूल
पुसायचंही सांगते, बाया-माणसांना तेच लागतं. बादली ओतून धुणं बंद. पिळलेला पोछा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. धुण्याचा सोडा, ब्लीच, काळं फिनाइल, टाइल्सचं ॲसिड यातलं काही नाही. खर्रा घोटणारं कुणी असेल तर चुन्याची पुडी त्या खोलीबाहेर. चुना सांडून तसाच राहिला तर तेवढी जागा पांढुरकी मऊ पडते, आणि तो डाग पुसून जात नाही.

पूर्णाकाठ
अन् कूलर. खोलीत स्टँडवर ठेवू नका, खिडकीबाहेर टांगा. टाकी झिरपते, तीन महिने एकाच कोपऱ्यात पाणी जिरते, अन् सगळ्यात पहिले तिथलीच कड सुटते. बाहेर टांगला तरी खिडकीखालच्या भिंतीला आतून ओल उतरली का ते आठवड्यात एकदा हात लावून पाहा.

कपाशीपट्टा
कूलर खिडकीबाहेरच आहे, पण टाकीचा नळ आतल्या बाजूला उघडतो. तो आधी फिरवून घेतो. भेगांच्या खुणा आजच करतो. सप्टेंबरात मोजमापं इथेच टाकेन.