पंप बदलायला एमओसी लागते का? उद्या सकाळी शटडाऊन, लवकर सांगा

बुटीबोरी_नाईटशिफ्ट: घाईत आहे. ट्रान्सफर पंप जॅम झाला. स्टोअरमध्ये दुसरा पडलाय, उद्या ८ वाजता बसवायचा. नवा सेफ्टी ऑफिसर अडून बसलाय, एमओसीशिवाय परमिट देत नाही. पंपाच्या जागी पंप, त्यात बदल कसला? याला पटवू कसं?

गिअरबॉक्स_काका: एमओसी एसएस ३१६ घ्या, स्टेनलेस स्टील, डोळे झाकून.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट: काका, मटेरियल ऑफ कन्स्ट्रक्शनवाली एमओसी नाही विचारली. मॅनेजमेंट ऑफ चेंजचा फॉर्म, बदल करण्याआधी तपासून मंजुरी घ्यायचा.

गिअरबॉक्स_काका: असं होय. तरी ३१६च घ्या.

तर्रीपोहा: लिक्विड कोणतं? मॉडेल तेच आहे का? हे न सांगता काय सांगावं बे?

बुटीबोरी_नाईटशिफ्ट: टोल्युइन. जुना ५ एचपी, हा साडेसात. सक्शनला रिड्यूसर, म्हणजे पाइपचा साइज जुळवणारा तुकडा, टाकतोय. बाकी सेम.

तर्रीपोहा: बाकी उरलं काय भाऊ? मोटर फ्लेमप्रूफ आहे का, म्हणजे आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटणार नाही अशी? सीलची ओ-रिंग कशाची? ईपीडीएम रबराची असेल तर टोल्युइनमध्ये फुगते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे तेवढ्या थंडीतही वाफ पेटू शकते, अन् नागपुरात मे महिना सुरू आहे.

हिंगणा_जुना: २२ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. फॉर्म ऑडिटवाल्यांसाठी असतात. असे पन्नास पंप बदलले, काही झालं नाही.

तर्रीपोहा: फ्लिक्सबरोच्या केमिकल प्लांटलाही दोन महिने काही झालं नव्हतं. पाच नंबरचा रिॲक्टर काढून चार अन् सहाच्या मध्ये तात्पुरता पाइप टाकला. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूच्या रेघा. १ जून १९७४ ला स्फोट, २८ माणसं गेली.

हिंगणा_जुना: ते इंग्लंड झालं. एक पंप अन् तुम्ही कुठं चालले.

नोकरी_पाहिजे: बुटीबोरीत फायर सेफ्टी डिप्लोमावाल्याला जागा आहे का कुठे?

निळं_हेल्मेट: दादा, तोच मेक, तेच मॉडेल असतं तर साध्या वर्क ऑर्डरवर भागलं असतं. इथे एचपी वाढला म्हणजे केबल, ओव्हरलोड रिले, डिस्चार्ज प्रेशर सगळं तपासायला हवं. प्रोसेस, इलेक्ट्रिकल अन् मेंटेनन्सवाल्याला पंपाजवळ उभं करा, तिथेच फॉर्म भरा. तात्पुरता बसवत असाल तर काढायची तारीखही लिहा. आमच्याकडे एक ‘तात्पुरता’ होज तीन वर्षं लटकत होता.

हिंगणा_जुना: मॅडम, प्लांट हेडचा फोन कोण उचलेल?

निळं_हेल्मेट: फोनवर मोटरची नेमप्लेट वाचून दाखवा. तेवढं पुरतं.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट: पाहून आलो. मोटर फ्लेमप्रूफ नाही. हा पंप रद्द. जुन्याचंच बेअरिंग आज रात्री नागपुरात कुठे मिळेल?

गिअरबॉक्स_काका: नंबर सांग आधी.