मदत हवी आहे: फाट्यावर मोठं मार्ट येऊन राह्यलं, हरकत नेमकी कोणाकडे टाकावी?

राजेहो, थोडी माहिती पाह्यजे. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, फाट्यावर शाळेला लागून 2 एकर वावरात मोठं मार्ट येणार म्हणून बोर्ड लागला, मुरूम टाकणंबी सुरू झालं. रस्ता सिंगल, त्याच्यावरूनच पोरं सायकलनं जातात अन् दिवाळीनंतर जिनिंगले जाणाऱ्या कापसाच्या गाड्यायची लाईन लागते ते वेगळीच, त्यात मालाचे ट्रक रात्री-बेरात्री रिव्हर्स घेतीन, जनरेटर धडधडन, अन् उद्घाटनाचा डीजे तर धरूनच चाला. मार्ट नकोच असं नाही हां, पोरायले काम भेटन, आमचं भांडण याच रस्त्यावर निघणाऱ्या गेटच्या जागेशी हाये.

ग्रामपंचायतीत 80 सह्यायचा अर्ज दिला, पोच हाये. तिथं म्हणतात आम्ही एनओसी दिलीच नाही, जागामालक म्हणतो वावर एनए (बिगरशेती) झालं. ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब. एनएचे कागद पाह्यासाठी माहिती अधिकार टाकला, 30 दिवस व्हायचे हायेत. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल हे माहीत हाये, ते नका सांगू. कोर्टात जायले पैसा नाही.

रस्ता पीडब्ल्यूडीचा हाये. त्याच्यावर गेट काढाची परवानगी कोण देते, अन् ती भेटायच्या आधी आमची लेखी हरकत उपविभागीय अभियंत्याकडे द्यावी का सरळ कलेक्टर ऑफिसले? कोणाच्या गावात असं गेट मागच्या पांदण रस्त्याकडून वळवून घेतलं काय?